भागपत्रावर कुणाचं नाव आहे? समतेचा व्यवसाय उभारू पाहणाऱ्यांना खुलं पत्र

समता आणि सहकार्य ही मूल्यं मानून व्यवसाय उभारणाऱ्या सर्व संस्थापकांना आणि संचालकांना,

सप्रेम नमस्कार.

मी हिशेब लिहिते आणि तपासते. उत्पादक गट, सहकारी संस्था, सामाजिक उद्देशाने काढलेल्या छोट्या कंपन्या यांची कागदपत्रं रोज माझ्या हाताखालून जातात. त्यांच्या माहितीपत्रकांत अलीकडे काही वाक्यं वारंवार दिसतात: आम्ही स्त्रीवादी नेतृत्व मानतो, आमच्याकडे उतरंड नाही, वसाहतवादी चौकट मोडून आम्ही काम करतो. ही वाक्यं लिहिणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात आणि त्यांना खरंच वेगळं काही करायचं असतं, असं मी पाहते. त्यामुळे हे पत्र टीका म्हणून वाचू नका, मागणी म्हणून वाचा. मागणी एकच आहे. जी समता तुम्ही बोलता ती भागपत्रात (म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर), खरेदीच्या करारात, पगारपत्रकात आणि सभेच्या इतिवृत्तात उतरवा. तिथे ती उतरली नसेल, तर पैशाची चणचण आली किंवा संस्थापक बदलला की ती सगळ्यात आधी गळून पडते.

कागदावरचा हक्क नसला की काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांसमोर घडलेलं आहे. 23 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात सावार इथल्या राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद करण्यात आली. वरच्या मजल्यांवर तयार कपड्यांचे कारखाने होते, तिथे बहुसंख्य कामगार बायका होत्या. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर बोलावलं गेलं. आत जायला त्या तयार नव्हत्या, तेव्हा पगार अडवण्याची भीती घातली गेली. 24 तारखेला इमारत कोसळली आणि 1134 माणसं मेली. बँकेतल्या माणसांना जे तडे दिसले तेच या बायकांनाही दिसले होते. धोका कळत नव्हता असं अजिबात नाही. फक्त आज काम बंद, असं म्हणून नोकरी टिकवण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती.

मी हिशेबतपासनीस असल्यामुळे या घटनेतली आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक लेखापरीक्षणं, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याच्या तपासण्या, आधी झालेल्या होत्या. आचारसंहिता होत्या, तपासणीचे अहवालही होते. ते सगळं ऐच्छिक होतं आणि ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. दुर्घटनेनंतर मे 2013 मध्ये आग आणि इमारत सुरक्षेचा जो करार झाला तो यापेक्षा वेगळा होता. कपड्यांचे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला तो कायद्याने बंधनकारक करार होता. सुकाणू समितीत दोन्ही बाजूंना समान जागा होत्या, तपासणीचे निष्कर्ष जाहीर करायचे होते आणि असुरक्षित कामाला नकार देण्याचा कामगारांचा हक्क त्यात लिहिलेला होता. आचारसंहिता आणि हा करार शेजारी ठेवून वाचा. तुमच्या संस्थेचं धोरण या दोन्हींपैकी कशाच्या जवळ जातं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

नेतृत्व स्त्रीवादी आहे असं मी कधी म्हणेन? प्रमुखपदी बाई आहे एवढ्यावर तर नाहीच. सत्ता कुणाकडे आहे हे उघडपणे सांगितलं जातं, ती वाटली जाते, जिच्याकडे ती आहे तिला जाब विचारता येतो आणि आजवर फुकट धरलेलं काम हिशेबात येतं, तेव्हा म्हणेन. वसाहतवादी चौकट मोडण्याचं मोजमापही असंच आहे. कुणाचं ज्ञान, कुणाची जमीन, कुणाचे हात वापरले, त्याला त्यांची संमती होती का, आणि तोटा झाला तर तो कुणाच्या अंगावर पडतो? या प्रश्नांची उत्तरं कागदावरच सापडतात.

आपण ज्या पद्धतीने हिशेब ठेवतो त्या पद्धतीलाही इतिहास आहे. 19व्या शतकाच्या मध्याला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांवर छापील हिशेबवह्या वापरात होत्या. त्यात प्रत्येक गुलाम माणसाच्या नावापुढे त्याने रोज किती पौंड कापूस वेचला ते भरायचे रकाने असत. दुसऱ्या पानावर त्याच माणसांची वर्षारंभीची किंमत आणि वर्षअखेरची किंमत. दरडोई उत्पादकता, घसारा, मालमत्तेचं मूल्यांकन, हे सगळं अतिशय नेटकं. एखादं मूल मोठं झालं की त्याची किंमत वाढलेली दिसे आणि वेचणारी बाई म्हातारी झाली की तिची किंमत उतरे. त्या रकान्यांत अंकांची चूक नव्हती. आपला हिशेब चोख आहे एवढ्याने आपला व्यवहार न्याय्य ठरत नाही, हे मला या वहीतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. रकाने कुणी आखले आणि कोणता रकाना आखलाच नाही, हे आधी बघावं लागतं.

न आखलेला सगळ्यात मोठा रकाना घरातल्या आणि सांभाळण्याच्या कामाचा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात दररोज 1640 कोटी तास बिनपगारी काळजीवाहू काम होतं आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त काम बायका करतात. दिवसाचे आठ तास धरले तर ही सुमारे 200 कोटी माणसांची पूर्णवेळ नोकरी झाली, तीही बिनपगारी. कुणीतरी घरी स्वयंपाक, धुणं, आजारपण, मुलांचा अभ्यास हे सगळं पार पाडतं, म्हणून तुमचा कर्मचारी सकाळी वेळेवर कामावर पोचतो. हे तुमच्या ताळेबंदात कसं येणार, असं तुम्ही विचाराल. पूर्ण येणार नाही. पण कामाच्या वेळा ठरवताना, बढतीचे निकष लिहिताना, अर्धवेळ काम करणाऱ्यांना सभासदत्व आणि मत द्यायचं की नाही हे ठरवताना ते नक्की येऊ शकतं. बढतीसाठी सलग सेवेची अट घातली की बाळंतपण किंवा घरच्या आजारपणासाठी थांबलेली बाई आपोआप मागे पडते. तिला मागे ठेवायचं असं कुणी ठरवलेलं नसतं, तरी ती मागे पडते.

कार्यालयाच्या आतही असंच चालतं. सभेची टिपणं कोण काढतं, नव्या मुलीला काम कोण शिकवतं, दोन सहकाऱ्यांचं भांडण कोण मिटवतं, पुरवठादाराच्या घरी दुःखद घटना घडली तर फोन कोण करतं? संस्था चालते ती या कामांवर, आणि मूल्यमापनाच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी जागा नसते. ही कामं पाळीने वाटा. जी वाटता येणार नाहीत ती जबाबदाऱ्यांच्या यादीत नावानिशी लिहा आणि पगारात धरा.

आता उतरंड नसल्याच्या दाव्याविषयी. हा दावा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, म्हणून यावर जरा थांबते. अमेरिकेतल्या स्त्री चळवळीत 1970 च्या सुमारास अनेक गटांनी ठरवलं की नेता नको, पदं नकोत, नियम नकोत. त्याच चळवळीतल्या कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी तेव्हाच बजावलं होतं की रचना नसलेला गट असूच शकत नाही. लिखित रचना काढून टाकली की मैत्रीची, ओळखींची रचना तिची जागा घेते, आणि ती लिहिलेली नसल्यामुळे तिला आव्हान देता येत नाही. पन्नास वर्षांनंतरही हे जसंच्या तसं दिसतं. सगळे एकमेकांना एकेरी हाक मारतात, गोल करून बसतात, आणि निर्णय मात्र आदल्या रात्री तिघांच्या फोनवर झालेला असतो.

हे तपासायला सल्लागार लागत नाही. वर्षभराचं इतिवृत्त घेऊन बसा आणि प्रत्येक ठरावाचा सूचक आणि अनुमोदक एवढीच दोन नावं एका कागदावर उतरवून काढा. तीच ती दोन-तीन नावं आलटून पालटून येत असतील तर तुमची उतरंड तुम्हाला सापडली. मग बघा, विरोधी मताची नोंद किती ठिकाणी आहे? 'सर्वानुमते मंजूर' असं प्रत्येक ठरावाखाली लिहिलेलं असेल, तर एकमत फार आहे असं मी समजत नाही. बोलायची सोय नाही, असं समजते. सहकारी व्यवसायाला नियम जास्त लागतात. कोणता निर्णय कोण घेणार, किती रकमेपर्यंत, कुणाला विचारून, आणि निर्णय पटला नाही तर कुठे दाद मागायची, हे सगळं लिहिलेलं असावं आणि सगळ्यात नव्या माणसालाही ते वाचायला मिळावं.

पगाराच्या बाबतीत सिद्ध करण्याचं ओझं कुणावर टाकायचं हा मुद्दा आहे. आइसलँडमध्ये 24 ऑक्टोबर 1975 रोजी सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस काम थांबवलं, नोकरीचंही आणि घरचंही. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. तरीही वेतनातली तफावत गेली नाही, म्हणून 2018 पासून 25 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक संस्थेला समान वेतन देत असल्याचं प्रमाणपत्र मिळवणं बंधनकारक करण्यात आलं. तोवर आपल्यावर अन्याय झाल्याचं बाईने सिद्ध करायचं होतं. आता अन्याय होत नसल्याचं मालकाने दाखवायचं. तुमच्या देशात असा कायदा असो वा नसो, हा नियम तुम्ही उद्यापासून स्वतःला लावू शकता. पगाराच्या श्रेणी आणि त्यामागची कारणं सगळ्यांना दाखवा, तक्रार यायची वाट बघू नका.

पण मालकी बदलली नाही तर या सगळ्याचा टिकाऊपणा मर्यादित आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशात 1956 मध्ये सुरू झालेला मोंद्रागोन हा सहकारी उद्योगसमूह आज हजारो कामगार-सभासदांचा आहे. तिथे भांडवल कितीही असलं तरी मत एकच. सर्वात कमी आणि सर्वात जास्त वेतनातलं अंतर सभासद ठरवतात आणि ते साधारण एकास सहाच्या आसपास राखलं जातं. 2013 मध्ये समूहातली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर ही संस्था दिवाळखोरीत गेली, तेव्हा बऱ्याच सभासदांना समूहातल्या इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. हे सगळं कौतुकाचं आहेच. पण याच समूहाने परदेशांत कारखाने काढले, आणि तिथले कामगार मात्र सभासद नाहीत, नुसते नोकर आहेत. बास्क कामगाराला मत, दूरच्या देशातल्या कामगाराला फक्त पगार. समता कुठल्या सीमेवर येऊन थांबते हे बघायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. तुमच्या मुख्य कार्यालयातली लोकशाही पुरवठादाराच्या दारात संपते का, हा प्रश्न मी त्यामुळेच वारंवार विचारते.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण अहमदाबादच्या 'सेवा'चं. इला भट्ट यांनी 1972 मध्ये असंघटित क्षेत्रातल्या बायकांची ही संघटना उभी केली. बँका या बायकांना दारात उभं करत नव्हत्या. म्हणून 1974 मध्ये चार हजार जणींनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही जुळत नाही म्हणून पैसे नाकारणं ही नेहमीच्या बँकेची रीत, आणि इथे तर सहीच नाही. तेव्हा ओळख पटवण्यासाठी फोटोचा वापर सुरू झाला. कुणी म्हणेल, किरकोळ सोय. मला ती किरकोळ वाटत नाही. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांना आधी शिकून या, कागद आणा, आमच्यासारखं व्हा असं सांगितलं गेलं नाही. संस्थेने आपली रीत बदलली. आणि त्या बायका ग्राहक होत्याच, पण मालकही होत्या. दहा रुपयांचा भाग घेतला म्हणून मताचा हक्क आला, दया म्हणून नव्हे.

पुरवठादाराला मालकीत घेणंही शक्य आहे. घानातल्या कोको शेतकऱ्यांची कुआपा कोकू ही सहकारी संस्था 1998 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या चॉकलेट कंपनीची भागधारक होती, सुरुवातीला एक तृतीयांश आणि पुढे 45 टक्क्यांपर्यंत. म्हणजे शेतकऱ्याला मालाचा भाव मिळे आणि तयार मालावरच्या नफ्यात वाटाही. कच्चा माल एका खंडातून आणि नफा दुसऱ्या खंडात, या जुन्या वाटणीला हात घालायचा तर असा घालावा लागतो. वेष्टनावर शेतकरी बाईचा हसरा फोटो छापून ती वाटणी बदलत नाही.

आता तुमचे खरेदीचे करार. इथे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ व्हायला होतं. इंग्रजी राजवटीत बंगालमध्ये नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मळेवाला आधी उचल द्यायचा. भाव मळेवाला ठरवायचा, मोजमाप त्याचंच, पीक बुडालं तर नुकसान शेतकऱ्याचं, आणि न फिटलेली उचल पुढच्या वर्षी कर्ज म्हणून उभी. 1859 मध्ये तिथले शेतकरी उठले ते या कराराविरुद्ध. आज समतेची भाषा करणाऱ्या एखाद्या कंपनीची पर्चेस ऑर्डर, म्हणजे खरेदीचा आदेश, उघडा. विणकर गटाने सूत स्वतःच्या पैशाने घ्यायचं. माल पोचल्यावर 90 दिवसांनी पैसे. रंगात फरक आढळला तर माल नाकारण्याचा हक्क खरेदीदाराचा, फरक आहे की नाही हे ठरवणारही खरेदीदारच. नाकारलेला माल परत न्यायचा खर्च गटाचा, तो त्यांच्या बिलातून कापल्याची चिठ्ठी म्हणजे डेबिट नोट. उशीर झाला तर दंड. ऑर्डर रद्द झाली तर मात्र खरेदीदाराला दंड नाही. आणि हा करार विणकराला वाचता येत नाही अशा भाषेत. निळीच्या मळेवाल्याने निदान उचल तरी दिली होती.

2020 मध्ये महामारीच्या पहिल्याच महिन्यांत अनेक मोठ्या ब्रँड्सनी शिवून तयार झालेल्या कपड्यांच्या ऑर्डरीसुद्धा रद्द केल्या. कापड विकत घेऊन झालं होतं, मजुरी होऊन गेली होती. ज्यांनी ऑर्डरी रद्द केल्या त्यांचीही मूल्यं छापलेली होती. पुढे जाहीर दबाव आल्यावर काहींनी पैसे चुकते केले. करारात रद्दीकरणाचं कलम दोन्ही बाजूंना सारखं असतं, तर तो दबाव आणायची वेळच आली नसती.

ज्ञानाच्या बाबतीत संमती आधी घ्यायची असते, नंतर नाही. दक्षिण आफ्रिकेतले सान लोक लांबच्या शिकारीत भूक-तहान मारण्यासाठी हुडिया ही वनस्पती पिढ्यान् पिढ्या चघळत आले. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने 1996 मध्ये तिच्यातल्या घटकाचं पेटंट घेतलं आणि परवाना विदेशी कंपनीला दिला. सान लोकांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आवाज उठवल्यावर 2003 मध्ये करार झाला आणि स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) सहा टक्के वाटा त्यांना देण्याचं ठरलं. औषध पुढे बाजारात आलंच नाही, त्यामुळे अपेक्षित रक्कम हाती पडली नाही. त्याच देशात रूइबॉस या चहासारख्या पेयाच्या वनस्पतीबाबत 2019 मध्ये संपूर्ण उद्योगाने करार केला आणि शेतावरच्या भावाच्या दीड टक्का रक्कम दरवर्षी खोई आणि सान समाजांना देण्याचं मान्य केलं. वाटा लहान आहे. तरी तो एका कंपनीच्या मर्जीवर किंवा एका उत्पादनाच्या यशावर टांगलेला नाही, म्हणून मला तो जास्त मोलाचा वाटतो. तुम्ही एखाद्या समाजाची नक्षी, रंगाची कृती, औषधी वनस्पतीचं ज्ञान वापरत असाल, तर कुणाची परवानगी घेतली, कोणत्या तारखेला, कोणत्या भाषेत, आणि ती परत घेता येते का, याची नोंद तुमच्याकडे असली पाहिजे.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत. निर्णयाला वेळ लागतो. हो, लागतो, आणि अंमलबजावणीत त्यातला बराच भरून निघतो, कारण ज्यांनी अंमल करायचा ते निर्णयात होते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गुंतवणूकदार हे मान्य करत नाही. त्याला टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, व्हेटो (निर्णय रोखण्याचा हक्क) हवा असतो, बाहेर पडायची तारीख हवी असते. यावर माझं म्हणणं असं की पैसा आणि मत वेगळं करता येतं. मतहक्क नसलेले भाग, मर्यादित परतावा, नफ्यातून हप्त्याहप्त्याने परतफेड, असे मार्ग आहेत. 2022 मध्ये पॅटागोनिया या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीच्या मालक कुटुंबाने मतहक्क असलेले सगळे भाग, म्हणजे एकूण भागांपैकी दोन टक्के, एका न्यासाकडे दिले आणि मतहक्क नसलेले 98 टक्के भाग पर्यावरणासाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेकडे. त्यात कामगारांना मत मिळालं नाही, त्यामुळे मी त्याला आदर्श म्हणणार नाही. पण मत एकीकडे आणि पैसा दुसरीकडे ठेवता येतो, हे एवढ्या मोठ्या कंपनीत करून दाखवलं गेलं आहे. असल्या अटींवर भांडवल कमी मिळेल, हे खरं. मग वाढ सावकाश होऊ द्या.

तर या आर्थिक वर्षाचे हिशेब बंद करताना एवढं करा. वार्षिक अहवालात चार गोष्टी छापा: मतहक्क असलेले भाग कुणाकुणाकडे किती आहेत, सर्वात कमी आणि सर्वात जास्त वेतनाचं प्रमाण काय आहे, पुरवठादारांना सरासरी किती दिवसांनी पैसे दिले, आणि वर्षभरात संचालक मंडळाचा कोणता निर्णय कामगारांच्या किंवा पुरवठादारांच्या हरकतीमुळे बदलला. शेवटच्या मुद्द्यापुढे लिहायला काही नसेल, तर तसं स्पष्ट लिहा आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तोच पहिला विषय घ्या. खरेदीचा करार पुरवठादारांच्या भाषेत करून त्यांच्या प्रतिनिधींसमोर ठेवा आणि त्यांनी सुचवलेले बदल इतिवृत्तात नावानिशी नोंदवा. हे आकडे मांडायला मदत लागली तर आमच्यासारखे हिशेब लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही करून देऊ.

कळावे,

आपली,
एक हिशेबनीस